पाणी गोठतं, तेल थिजतं

आमच्या घरात थंडी फक्त फ्रीजमध्ये असते. सिंगापुरातल्या या बुकित पंजांगला बाराही महिने एकच ऋतू, आणि त्याचं नाव घाम. त्यामुळे लेकीने उत्तर जपानहून व्हिडिओ कॉल करून, तिच्या सिंगापुरी थाटात, "आई, माझा फोर्क डेड आहे लाह" असं सांगितलं, तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत, बाहीने कपाळ पुसत उभी होते. थंडीचा विचार डोक्यात यायला जागाच नव्हती.

"डेड म्हणजे? मोडला?"

"नो. दबतच नाही. लाइक लोखंडी रॉड. मी पडले."

गॅस बंद केला मी. पोहे गेले खड्ड्यात.

फोर्क म्हणजे काय ते इथेच सांगून टाकते, कारण नाशिकची माझी बहीण अजून त्याला "तुझा तो काट्या-चमच्यातला काटा" म्हणते. डोंगरातल्या सायकलीचं पुढचं चाक ज्या दोन जाड नळ्यांनी धरलेलं असतं, तो फोर्क. दगडावरून चाक गेलं की तो दबायचा आणि लगेच वर यायचा. आत हवा असते, तेल असतं. तो नीट चालला तर दगडधोंड्यांतून उतरताना आपण राणी. नाही चालला तर प्रत्येक धक्का थेट मनगटात, खांद्यात, आणि मग तोंडावर.

मला हे सगळं कळतं, कारण पन्नाशी उलटली तरी मी ही सायकल चालवते. दिवसभर ऑफिसात बसून लोकांचे हिशेब तपासते आणि रविवारी सकाळी घरामागच्या जंगलातल्या वाटेवर चिखल उडवते. लेक शाळेत असताना हट्टाने हे सुरू केलं तिने. एकटीला कशी सोडायची म्हणून मी मागोमाग निघाले आणि तिच्यापेक्षा मलाच वेड लागलं. दोघींना एकसारख्या सायकली घेतल्या, रंग तेवढा वेगळा. बायका म्हणायच्या, "अगं, या वयात हाडं मोडशील." मी म्हणायचे, "माझी हाडं आहेत, मोडू देत."

त्या वाटेवर एक उतार आहे. मोठाले खडक, मधून झाडांची मुळं, आणि खाली वळणावर माकडं बसलेली. पहिल्यांदा तिथे पोचलो तेव्हा लेक वरतीच उभी राहिली. ब्रेक दाबलेले, ओठ पांढरे. मला तरी कुठे धीर होता? पण आईला तसं दाखवता येत नाही ना. मी जोरात ओरडले, "चल गं भवाने!" आणि स्वतःच आधी सुटले. मागून ती किंचाळत आली. तेव्हापासून हा आमचा रिवाजच पडला. त्या खडकावर पोचलं की जी मागे असेल तिने ओरडायचं, "चल गं भवाने!" एकदा समोरून येणारे चिनी आजोबा हे ऐकून एवढे दचकले की झाडाला टेकून उभे राहिले.

तर ही भवानी आता जपानच्या उत्तरेला, शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला. सायकल घेऊन गेली होती. उन्हाळा मजेत गेला. मग बर्फ पडायला लागला आणि तिचे फोन बदलले. चार वाजता अंधार होतो, भाषा येत नाही, जेवायला एकटीच. एवढंच बरं की ऑफिसातली काही मंडळी बर्फातही सायकल चालवायची. दाबून घट्ट झालेल्या बर्फाच्या वाटेवरून, जंगलातून. हिवाळ्यात त्यांची एक मोठी फेरी असते आणि शेवटी लांबलचक उतार. त्यांनी हिला बोलावलं, आणि पोरगी पहिल्यांदा हसून बोलायला लागली होती. सरावाला गेली, आणि फोर्कने दगा दिला.

"लागलं का गं?"

"नॉट सो बॅड. गुडघा." मग म्हणाली, "आई, ऑफिसमध्ये विचारलंय, पुढच्या वर्षी राहणार का. मला वाटतं मी घरी येते. ही फेरी पण नको. पुढच्या आठवड्यात सांगून टाकते त्यांना."

खरं सांगते, माझ्या मनात लाडूच फुटले. घरी येते! तिची खोली आवरायची, सुरमई आणायची, रविवारी पुन्हा दोघींनी चिखलात जायचं! मी तोंड उघडणार होते "ये बाळा, आजच ये" म्हणून. पण स्क्रीनवर तिचा चेहरा बघितला. घरी यायच्या आनंदाचा नव्हता तो. हरून परत येणाऱ्याचा होता. लाडवात खडा लागला माझ्या.

"ये हवं तर," मी म्हटलं, "पण आधी मला तो फोर्क दाखव."

तिने फोन घेऊन बाल्कनीचं दार उघडलं. बाई बाई, काय तो बर्फ! कठड्यावर ढीग लागलेला. सायकल कोपऱ्यात उभी होती. तिने एका हाताने हँडल धरून सगळा भार टाकला. फोर्क ढिम्म. अजून जोर लावला, तर कसाबसा खाली गेला आणि तिथेच बसला. मग अगदी सावकाश, कण्हत-कुथत वर आला.

"सी? डेड."

"मेला नाहीये गं तो," मी म्हणाले. "थिजलाय."

"थिजलाय म्हणजे काय? फ्रोझन म्हणजे गोठलाय ना?"

"पाणी गोठतं. तेल थिजतं."

"सेम सेम लाह."

"सेम कसं? पाणी गोठलं की बाटली फोडतं. थिजलेलं तसं नसतं. त्याला जरा ऊब दिली की सुटतं."

तिने फोर्कच्या नळीला हात लावून बघितला. मग एकदम म्हणाली, "मावशीचं तेल?"

आठवलं की तिला! ती लहान असताना डिसेंबरात आम्ही नाशिकला बहिणीकडे गेलो होतो. सकाळी न्हाणीघरात खोबरेल तेलाची बाटली पांढरीफटक झालेली. सिंगापुरात जन्मलेल्या पोरीने असं तेल कधी बघितलंच नव्हतं. ती ओरडत बाहेर आली, "मावशी, ऑइल मेलं!" सगळे पोट धरून हसलो. बहिणीने बाटली तिच्या स्वेटरच्या आत कोंबली आणि अंगणात उन्हात बसवलं. थोड्या वेळाने तेल पातळ झालं, आणि ही बया घरभर सांगत फिरली की मी त्याला जिवंत केलं.

"तेच ते," मी म्हटलं. "तू काही ठरवू नकोस. फेरीपर्यंत थांब. आमच्याकडे माझा फोर्क आहे, अगदी तसाच. आम्ही शोधून काढतो."

'आम्ही' म्हणाले, कारण आमचे हे तोवर खुर्ची ओढून फोनजवळ येऊन बसले होते. नवरा मरीन इंजिनियर. निम्मं आयुष्य जहाजाच्या इंजिन रूममध्ये गेलं, आता हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात बसतो. जमिनीवर आल्यापासून त्याला हात काळे करायला काही मिळत नाही. घरातला मिक्सर त्याने इतक्या वेळा उघडलाय की आता मिक्सरच घाबरतो. फोन ठेवला आणि याचे डोळे चमकायला लागले.

"अगं, जहाजाचं जाड इंधन माहितेय ना? गरम केल्याशिवाय पाइपातून हलतसुद्धा नाही. थंडीत सगळं तेल जाड होतं. प्रश्न एवढाच की हे तेल किती जाड होतं."

"अहो, मग बघा की!"

बघायचं म्हणजे काय, तर फ्रीजर. ओल्या नारळाचा चव, सोललेले मटार आणि माझी सुरमई बाजूला सारून यांनी स्टीलच्या वाटीत बाटलीतलं फोर्कचं तेल ठेवलं. झाकण म्हणून माझी आमटीची ताटली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी आम्ही दोघं फ्रीजरसमोर उभे. वाटी तिरपी केली. तेल जाड झालं होतं, मधासारखं, पण वाहत होतं.

"हा एकटा गुन्हेगार नाही," यांनी निकाल दिला. "अजून कोणीतरी आहे. अख्खा फोर्क थंडीत घालायला हवा."

"कुठे घालणार? फ्रीजरमध्ये सुरमई मावत नाही सरळ."

मी सायकलच्या दुकानात विचारून आले. तिथला मेकॅनिक हसतच सुटला. "आंटी, हियर व्हेअर गॉट विंटर?" म्हणाला. त्याचंही बरोबर आहे म्हणा. या बेटावर हिवाळ्याची तक्रार घेऊन येणारी मी पहिलीच असणार.

पण थंडी इथे आहे! फक्त ती खोल्यांमध्ये कोंडून ठेवलेली असते. आणि ते सुचलं मला, यांना नाही, हे नोंदवून ठेवते. आमचा एक स्नेही, मालवणकडचा, जहाजांना शिधा पुरवणाऱ्या कंपनीत आहे. भाजी, मासळी, मटण, सगळं महिनोन्‌महिने टिकायचं म्हणून त्यांच्याकडे मोठाल्या थंड खोल्या. शून्याच्या खाली अठरा. मी फोन केला.

"वहिनी, मासे हवेत काय?"

"नाही हो. सायकल ठेवायची आहे तुमच्या कोंबड्यांशेजारी."

त्याने माझं वाक्य पुन्हा म्हणून बघितलं. मग म्हणाला, "चीफ बरे आहेत ना?" नवरा चीफ इंजिनियर होता, म्हणून तो त्याला अजूनही चीफच म्हणतो. सगळी हकीगत सांगितली तसा तोही पेटला. साहेबाची परवानगी काढली, आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, अख्खी सायकल नेता येत नाही म्हणून शनिवारी स्वतःची व्हॅन घेऊन आमच्या ब्लॉकखाली हजर झाला.

त्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी लहान मूल झाले. जाड जॅकेट, कानटोपी, हातमोजे, तिघंही अस्वलं. तोंडातून वाफ निघत होती! इतक्या वर्षांत स्वतःची वाफ बघितली नव्हती मी. उगाचच हा हा करत राहिले. दोन्ही बाजूंना खोकी रचलेली, कोळंबी, भेंडी, कोंबडीच्या तंगड्या, आणि मधल्या वाटेत माझी लाल सायकल उभी, वरातीत चुकून आलेल्या पाहुण्यासारखी. तिला आत सोडून आम्ही बाहेर चहा प्यायला गेलो. मला तो चहा गेला तर शपथ. सारखी दाराकडे बघत होते.

परत गेलो. मी हँडलवर भार टाकला.

ढिम्म!

"अगदी हेच!" मी ओरडले. "अहो, हेच! असाच वागतो तिचा!"

हे धावत आले, दाबून बघितलं, आणि चक्क टाळ्या पिटल्या. वस्तू बिघडली म्हणून नाचणारं जोडपं त्या स्नेह्याने पहिल्यांदाच बघितलं असणार. मी म्हटलं, थांबा, चालवून बघते. जमिनीवर एक लाकडी फळकुट पडलं होतं, खोकी रचायचं. त्यावर चढून खाली उडी मारायची, एवढंच.

"वहिनी, पडशात हो!"

"पडले तर कोळंबीवर पडेन, बाजूला व्हा!"

मारली उडी. आई गं! धक्का मनगटातून थेट दातांत. फोर्क जागचा हलला नाही, आणि जेव्हा दबला तेव्हा भलत्याच वेळी, उशिरा, आणि खालीच राहिला. चाक वाकडं वळलं, मी पाय टेकून कशीबशी सावरले. हसू थांबलं माझं. ही उडी वीतभराची. पोरगी त्या बर्फाळ उतारावर हे घेऊन गेली होती. एकटी.

"उघडा," मी यांना म्हटलं. "इथेच उघडा. बाहेर नेलं की ऊब लागेल आणि चोर पळून जाईल."

यांनी हत्यारं आणलीच होती. खालचे दोन बोल्ट सोडवले, रबरी हातोडीने टकटक केलं, आणि फोर्कचे खालचे पाय जोर लावून ओढले. सहज निघायचे ते निघेनात. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरून खेचले तेव्हा कुठे आले. आत बोट घातलं मी. बोटावर काय आलं? फ्रीजमधल्या तुपासारखा पिवळा, घट्ट गोळा. वाहायचं नाव नाही. ग्रीस! तेल अडवणाऱ्या रबरी सीलच्या मागे, नळीच्या भिंतींना, जिथे बोटभर लावायचं तिथे लिंपून ठेवलेलं.

आता, माझा फोर्क कोणी भरला होता, हे त्या खोलीत दोघांना ठाऊक होतं.

"अहो," मी गोड आवाजात म्हटलं, "हे कोणी भरलंय हो?"

हे हातमोजे नीट करायला लागले.

"लेक जायच्या आधी दोन्ही सायकली तुम्हीच उघडल्या होत्यात ना? मला हात लावू दिला नव्हता."

"तिकडे बर्फ, पाणी," हे पुटपुटले. "आत पाणी जाऊ नये म्हणून जरा..."

"जरा? हे काय जहाजाचा नांगर ओढायचं यंत्र आहे? समुद्राच्या लाटा येणार होत्या तिच्या फोर्कवर?"

स्नेह्याने वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "चीफ, पुरणपोळीवर पण एवढं तूप कोण घालत नाही!"

तिघंही एवढे हसलो की खोकी हलली असतील. डेकवरच्या यंत्रांना खाऱ्या पाण्याचा मारा असतो, म्हणून जहाजावर ग्रीस कसं भरायचं, तर दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. हाताला लागलेली सवय. सिंगापूरच्या उकाड्यात ते मऊ राहतं, म्हणून माझ्या सायकलीला काही झालं नाही. लेकीच्या सायकलीत तेच जाऊन थिजलं. मी अजून चार टोमणे मारायच्या तयारीत होते. पण हे तो पिवळा गोळा फडक्याने पुसत म्हणाले,

"पोर लांब चालली होती. तू लाडू भरत होतीस, लोणचं भरत होतीस. मला दुसरं काय भरता येत होतं?"

त्या मेल्या थंडीतही डोळ्यांत पाणी आलं माझ्या. टोमणे गिळले. स्नेही उगाच कोळंबीची खोकी मोजायला लागला.

मग कामाला लागलो. सगळं ग्रीस पुसलं, अगदी पातळसा हात फिरवला, खाली पातळ तेल घातलं, बोल्ट आवळले. फोर्कच्या तळाशी एक लाल चकती असते, दबल्यावर किती झटकन वर यायचं ते तिच्यावर ठरतं. आतलं तेल थंडीत जाड होणारच, म्हणून ती जास्तीत जास्त मोकळी केली. आणि हवा! हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. घरी उकाड्यात पंपाने भरलेली हवा थंडीत आकसते, दाब उतरतो. पंपाचा काटा बघितला तर चांगलाच खाली आलेला. म्हणजे हवा भरायची ती थंडीतच, सायकल पुरती गार झाल्यावर. पुन्हा बाहेर जाऊन चहा, पुन्हा आत, मग हवा भरली. आता भार टाकला आणि फोर्क खाली गेला, वर आला. घरच्यासारखा चपळ नाही, पण शहाण्यासारखा.

फळकुटावरून उडी मारली. आहाहा! मग दुसऱ्यांदा मारली, तिसऱ्यांदा मारली. शेवटी यांनी हँडल धरून थांबवलं मला.

त्याच संध्याकाळी लेकीला फोन लावला. तिने खोलीत जमिनीवर जपानी वर्तमानपत्रं पसरली, बाबांनी बांधून दिलेली हत्यारं काढली, आमचा निरोप मिळताच पातळ तेल तिच्या तिथल्या मित्रांनी आणून दिलं होतं. हे इकडून सूचना देत होते, "हळू, हळू. आता टकटक. ओढ." माझ्या मनात मध्येच आलं, काय करतोय आपण? हा फोर्क तसाच राहू दिला तर पोरगी महिन्याभरात घरी. कोण बोलणार होतं आपल्याला? आलं मनात, खोटं कशाला सांगू. आणि तेवढ्यात मीच ओरडले, "अगं, सीलच्या मागे पुस, तिथे राहिलंय!"

"बाबा! सो मच!" ती बोटावरचा गोळा कॅमेऱ्याला दाखवत किंचाळली. "हे काय, शिप आहे का?"

"हो," हे म्हणाले. "चुकलं."

सायकल बाल्कनीत गार करून मग हवा भरायची, हे तिला मी सांगितलं. ती कुडकुडत भरत होती. मग तिने भार टाकला. खाली, वर. खाली, वर. ती हसायला लागली, आम्ही इकडे हसायला लागलो.

मग तिचं हसू ओसरलं. हँडलवर हनुवटी टेकून म्हणाली, "फोर्क ओके. मी ओके नाही, आई. तिथे वर गेले ना, की पाय हलतच नाहीत. एव्हरीवन गोज. मी नुसती उभी."

"म्हणजे तूही थिजतेस."

"माणूस पण थिजतो?"

"भीतीने थिजतो की. तोच शब्द आहे."

"मग ऊब कुठली?"

इतक्या लांबून कुठला स्वेटर आणि कुठलं नाशिकचं ऊन? मी आपलं सुचेल ते म्हटलं, "वर पोचलीस की ओरड. मी नसले तरी ओरड. तूच स्वतःला."

"सगळे बघतील लाह."

"बघू देत."

फेरीच्या सकाळी आम्हाला घरात बसवेना. खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांत, गेलो, कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेतली, फोन टेबलावर मधोमध ठेवला. डोक्यावरच्या पुलावरून एलआरटीची छोटी रेल्वे जात-येत होती. शेजारच्या टेबलावर चिनी आजी-आजोबा वाटाणे खात गप्पा मारत होते. यांनी पेपर उघडला आणि एकच पान धरून बसले. मी फोन उलटा केला, सुलटा केला. आत्ता तिथे किती गार असेल? हवा भरली असेल ना बाहेर काढून? चकती उलटीकडे फिरवली नसेल ना? कोपीवर साय धरली तरी मी घोट घेतला नव्हता.

फोन थरथरला. तिचा आवाजी निरोप होता. यांना ऐकू जावं म्हणून मी फोन मध्ये धरला, पण गलका एवढा की शेवटी मी एकटीनेच कानाला लावला.

धाप लागलेली, मागे माणसांचा कल्ला, आणि ती बोलत होती मराठीत! मोडकंतोडकं, पण सगळं मराठीत. "आई, आई ऐक. मी वर गेले. सगळे गेले. मी उभी राहिले. पाय हलत नव्हते. मग मी ओरडले, चल गं भवाने! खूप जोरात! सगळे जपानी वळून बघत होते! आणि मी सुटले, आई. फोर्क मस्त. बाबांना सांग, मस्त. मी पडले नाही. मी थिजले नाही, आई."

मी तोंडावर हात दाबून ऐकत होते. निरोप संपला असं वाटलं, पण नव्हता. जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. मग हळू आवाजात, "आई, मी त्यांना हो सांगते. पुढच्या वर्षी पण राहते. चालेल ना?"

आमचे हे माझ्याकडे टक लावून बघत होते. "काय म्हणाली? पडली का? अगं बोल ना! पडली का?"

मला मान हलवता येईना. हेच हवं होतं मला. याचसाठी तर अख्खा शनिवार कोंबड्यांच्या तंगड्यांमध्ये काढला होता. ती उतरली, जिंकली, आणि येणार नाही. तोंडातून शब्द फुटेना, हात उचलेना, फोन कानालाच धरलेला. यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, स्वतः ऐकला, शेवटपर्यंत ऐकला. उठले, माझी गार झालेली कोपी बाजूला सारली, नवी वाफाळती आणली आणि माझे दोन्ही हात धरून त्या ग्लासाभोवती ठेवले.

"घे," म्हणाले. "ऊब दिली की सुटतं."

मी एक घोट घेतला आणि भोकाडच पसरलं. शेजारच्या आजी वाटाणे ठेवून उठल्या, काय झालं, काय झालं म्हणून. मी रडत, हसत फोनकडे बोट दाखवलं आणि त्यांना मराठीतच सांगितलं, "चालेल म्हणून सांगायचंय हो पोरीला."